मुलगी फिरत-फिरत पाठांतर करते, तिला एका जागी बसवावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेक तिसरीत आहे, पाढे म्हणताना घरभर फिरते, कविता पलंगावर उड्या मारत पाठ करते. सासूबाई म्हणतात, "एका जाग्यावर चूप बसून कर." शिकवणीवाल्यांनी तिला 'कायनेस्थेटिक लर्नर' (म्हणजे अंग हलवून शिकणारी) ठरवलंय आणि वेगळा कोर्स लावा म्हणतात. शिवाय परीक्षेत फिरता येणार नाही, याचीही तुम्हाला काळजी आहे.

तुमच्यासारखीच मीही नागपुरातली, प्राथमिकला शिकवते. आधी पैशाचं बोलते: कोर्स लावू नका. काही मुलं डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही अंगाने, म्हणून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीनेच शिकवावं, ही कल्पना फार पसरली आहे. २००८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा त्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. हातपाय हलवून शिकणं कुठल्याही मुलाच्या कामी येतं, त्यासाठी तुमच्या लेकीच्या कपाळावर शिक्का मारायची गरज नाही.

आता फिरण्याचं. फिरू द्या. पण जे शिकायचं त्याच्याशी हालचालीचा काही संबंध आहे का, एवढं बघा. चौथीपर्यंतच्या मुलांना सगळ्यात जास्त घोळात घालतात त्या दिशा. नकाशात उत्तर वर, दक्षिण खाली हे पोपटासारखं म्हणतात, आणि आग्नेय विचारलं की छताकडे बघतात. लेकीला सकाळी गच्चीवर न्या. सूर्य उगवतो ती भंडारा रोडची बाजू, पूर्व. त्या दिशेला तोंड करून डावा हात लांब केला की कोराडी, उत्तर. उजवा हात वर्धा रोडकडे, दक्षिण. पाठीमागे अमरावती रोड, पश्चिम. मग अंग अर्धं-अर्धं वळवत कोपरे: कामठी ईशान्य, उमरेड आग्नेय, हिंगणा नैऋत्य, काटोल वायव्य. दरवेळी बोट दाखवून मोठ्याने म्हणायला लावा, मग डोळे मिटून. दिशा अंगात बसली की वहीतला नकाशा आपोआप सरळ होतो. झीरो माईलच्या खांबापाशी किंवा फुटाळा तलावावर गेलात तर तिथेही विचारा, "कामठी कुठे?" तिथे उत्तर येत नसेल, तर ती नुसती आपल्या गच्चीची खूण पाठ झाली आहे, दिशा नाही.

पाढ्यांचंही असंच. पाढा म्हणत घरभर फिरल्याने लय मिळते आणि झोप येत नाही, पण चारचा पाढा काय करतो ते पायांना कळत नाही. त्यापेक्षा फरशीच्या रांगेवर चालवा. एका फरशीवर एक पाऊल, दर चौथ्या फरशीवर टाळी: चार, आठ, बारा. चार सक विसरली तर चार पाचे वीसच्या फरशीवर उभं करा आणि चार पावलं पुढे टाकायला सांगा. ओरडावं लागत नाही. पलंगावरच्या उड्यांना मात्र माझा पाठिंबा नाही. कवितेत बेडूक असेल तर गोष्ट वेगळी.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणित असं: ४ + ३ + ६ = ? + ६. बरीच मुलं इथे १३ किंवा १९ लिहितात (आमच्या वर्गातही हेच!). काही मुलांना शिकताना हाताने आधी डावी बाजू दाखवायची, मग उजवी, असा हावभाव करायला सांगितला. चार आठवड्यांनी पाहिलं तर नुसतं तोंडाने बोलून शिकलेल्या मुलांपेक्षा हात वापरणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात होतं. हाताने समीकरणाच्या दोन बाजू दाखवल्या, म्हणजे हालचालीतच गणित होतं. तबल्याच्या वर्गात तोंडाने बोल म्हणत तीनतालाच्या १६ मात्रा हातावर मोजतात, १, ५, १३ ला टाळी आणि ९ ला खाली (म्हणजे बिनटाळीची मात्रा), तेही याच कारणाने.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या विदर्भातल्या असतील तर त्यांनी टिपऱ्यांवर भुलाबाईची गाणी म्हटली असतील. इतकी लांबलचक गाणी वही समोर धरून पाठ केली होती का, ते विचारा. नातीला ती शिकवायची जबाबदारीही त्यांच्याकडेच द्या. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हे भुलाबाईचे दिवस, तेव्हा घरात शांतता नसेल, पण तक्रारही नसेल.

बसवायचं कुठे? हातचा घेऊन वजाबाकी, शुद्धलेखन, भागाकार, म्हणजे जिथे एकच नेमकं उत्तर काढायचं आणि कागदावर ओळ धरायची. स्टॅनफर्डच्या २०१४ सालच्या अभ्यासात चालताना लोकांना नवनव्या कल्पना जास्त सुचल्या, पण एकच बरोबर शब्द शोधायच्या कोड्यात चालण्याचा फायदा झाला नाही. म्हणून निबंधाचे मुद्दे फिरत काढू दे, निबंध टेबलाशी लिहू दे.

अभ्यासातल्या या हालचालीला खेळ समजू नका. या वयात दिवसाला साधारण ६० मिनिटं दम लागेल असा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मे महिन्यात ते दुपारी शक्यच नाही, तेव्हा पहाटे नाहीतर ऊन उतरल्यावर मैदान, आणि मधल्या वेळात कूलरसमोर फरशीवरचे पाढे. जेवताना, आवडीच्या खेळातसुद्धा ती टिकत नसेल आणि शाळेतूनही तेच ऐकू येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. नुसतं पाठांतर करताना फिरणं हे काही आजाराचं लक्षण नाही.

परीक्षेत फिरता येणार नाही, ही तुमची काळजी बरोबर आहे. म्हणून चाचणीच्या आधीचे दोन-तीन दिवस शेवटची उजळणी खुर्चीत बसून, कागदावर, वेळ लावून करून घ्या. अडली तर उठवू नका, बाकाखाली बोटांनी चार-चार मोजायला सांगा. ते परीक्षेतही चालतं.