गाठ निघाली, मग तोल का जातो?

"गाठ तर काढली, मग अजून झोकांड्या का जातात? परत वाढली नसेल ना?" कानाच्या नसेवरच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं माणूस समोर बसलं की पहिला प्रश्न हाच. ही गाठ कॅन्सरची नसते, हे त्यांना पाठ असतं. तरी भीती जात नाही.

गाठ वाढते ती तोलाच्या नसेवर, आणि ऑपरेशनमध्ये ती नसही बहुधा जाते. मेंदूला तोलाची खबर दोन्ही कान, डोळे आणि तळपाय देतात. त्यातला एक कान गप्प झाला की हिशेब चुकतो. तो जुळायला आठवडे, महिने लागतात. आणि बसून राहिलं तर आणखी लांबतो.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आल्या होत्या. ऑपरेशनला अडीच महिने झालेले. यजमानांनी कोपर घट्ट धरलेलं. बाईंची मान ताठ. माझ्याकडे बघायचं तर सगळं अंगच वळायचं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिन धरावं लागे. अंगठ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवी करायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दिला होता. तो चार दिवसांत सुटला.

"का सोडलात?"

"केला की गरगरतं. आत काहीतरी बिघडत असणार."

पहिल्या दोन भेटी मी नुसता धीर देण्यात घालवल्या. चूक माझी. माझा धीर म्हणजे त्यांच्या दुसऱ्या कोपराला धरलेला हात होता.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "बाई, तेराच्या पाढ्यात पोर अडखळलं तर पाढा बंद करायचात?"

"छे! अडखळलं तिथूनच पुन्हा म्हणून घ्यायचा." आणि बोलता बोलता थांबल्या. अंगठ्याकडे बघितलं. "म्हणजे माझा मेंदू तेरा साते वर अडलाय?"

यजमान "अहो, नको" म्हणेपर्यंत अंगठा समोर धरून मान हलवायला लागल्यासुद्धा. चेहरा पांढरा पडला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. चाळीस सेकंदांनी म्हणाल्या, "गरगरलं. पण थांबलंही!"

त्रास घटनेपेक्षा आपण तिचा लावलेल्या अर्थाने होतो, असं सांगणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस; मी त्यांच्या वाटेने जाणारा. चक्कर खरीच असते, पण माणसाला घरात बसवतो तो तिचा लावलेला अर्थ. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. बाईंनी ते मिनिटभरात करून दाखवलं.

व्यायाम थोडा थोडा, दिवसातून तीन-चारदा करा. उभ्याने करायचा तर भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून. गरगर काही मिनिटांत ओसरत असेल तर घाबरू नका. चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने आपल्या मनाने घेऊ नका, मेंदूचं शिकणं त्याने रखडतं. रात्री संडासच्या वाटेवर दिवा हवाच. गाठ परत आली का, ते एमआरआय सांगेल. झोकांडीवरून ठरवू नका. मात्र नाकातून पाण्यासारखं गळू लागलं, ताप आला, डोकं फार दुखलं किंवा मान आखडली, तर त्याच दिवशी सर्जनला गाठा.

बाई आता मंडईत जातात. दोन्हीकडच्या गाळ्यांवर नजर टाकत चालायचं, हा फिजिओचा पुढचा धडा. यजमान पिशवी घेऊन दोन पावलं मागे. अंधार पडायच्या आत परततात. अंधारात काठी अजून लागते.