वाचकांचे प्रश्न : हवानाचे पाच लाख पेसो

प्रश्न : ताई, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की फ्रान्स आणि तिथला सरदार लाफायत यांचंच नाव येतं. स्पेननेही पैसा पुरवला, लढायाही केल्या, असं नुकतंच कानावर आलं. खरं असेल तर शाळेत कधी कसं ऐकलं नाही? आणि हवानाच्या बायकांनी अंगावरचे हिरे उतरवून दिले, ही गोष्ट खरी का?

उत्तर : आधी हिऱ्यांचं सांगते, तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतोय. त्या गोष्टीला भक्कम आधार नाही. पैसे मात्र अगदी खरे.

१७८१चा उन्हाळा. फ्रेंच दर्यासारंग द ग्रास आरमार घेऊन कॅरिबियनमधल्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत थांबलेला. उत्तरेत, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकन बंडखोरांच्या मदतीला आलेल्या रोशांबोच्या फ्रेंच फौजेला पैशांची चणचण, आणि द ग्रासच्या पेटीतही खडखडाट. त्याने स्वतःची मळ्याची जमीन तारण ठेवायची तयारी दाखवली, तरी तिथल्या व्यापाऱ्यांनी हात वर केले. तेव्हा फ्रान्सिस्को दे सावेद्रा हा स्पेनच्या राजाचा विश्वासू माणूस हवानाला, म्हणजे क्युबातल्या स्पॅनिश ठाण्याला गेला. तिथल्या सरकारी खजिन्यातही पुरेसे पैसे नव्हते, मेक्सिकोची चांदी यायची होती. मग शहरातल्या लोकांकडेच मागणी झाली आणि सहाएक तासांत पाच लाख पेसो, म्हणजे स्पेनची चांदीची नाणी, जमले! हे दान नव्हतं बरं का, उसनवारी होती. मेक्सिकोची चांदी आली की परतफेड, या बोलीवर दिलेली. पण दागिने उतरवणाऱ्या बायका गोष्टीत शोभून दिसतात; परतफेडीच्या बोलीवर पैसे मोजणारे व्यापारी तितके शोभत नाहीत.

सावेद्राचं दुसरं काम मला पैशांहून मोलाचं वाटतं. तुमच्या आरमाराच्या माघारी कॅरिबियनमधल्या फ्रेंच मुलखावर आमची नजर राहील, असा भरवसा त्याने द ग्रासला दिला. म्हणून द ग्रासला निम्मी जहाजं मागे ठेवावी लागली नाहीत. २८ मोठ्या युद्धनौका घेऊन तो थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात शिरला. समुद्राची वाट बंद झाली आणि १९ ऑक्टोबरला तिथल्या यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं ठेवली.

पण मदतीला सुरुवात त्याआधी पाच वर्षं, चोरपावलांनी झाली होती. १७७६ मध्ये फ्रान्स आणि स्पेनने प्रत्येकी दहा लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) एका बनावट व्यापारी पेढीत घातले. पेढीचं नाव स्पॅनिश वळणाचं, चालवणारा फ्रेंच नाटककार बोमार्शे. स्पेनमधल्या बिल्बावचा व्यापारी दिएगो दे गार्दोकी आपल्या घराण्याच्या पेढीतून घोंगड्या, बंदुका, दारूगोळा पाठवत होता. स्पेनच्या ताब्यातल्या न्यू ऑर्लिन्सहून बंदुकीची दारू मिसिसिपी नदीच्या उलट्या प्रवाहाने वर जात होती. तिथे ऑलिव्हर पोलॉक हा आयरिश व्यापारी बंडखोरांसाठी स्वतःच्या नावावर उधारी उचलायचा, आणि त्यापायी पुढे पुरता कर्जात बुडाला.

न्यू ऑर्लिन्स ज्यात येतं त्या स्पॅनिश लुइझियानाचा गव्हर्नर होता बेर्नार्दो दे गाल्वेझ, जेमतेम तिशीचा. १७७९ मध्ये स्पेन उघडपणे युद्धात उतरल्यावर त्याने त्याच वर्षी इंग्रजांकडून बॅटन रूज घेतलं, पुढच्या वर्षी मोबील. १७८१च्या मार्चमध्ये तो फ्लोरिडातल्या इंग्रजांच्या पेन्साकोलासमोर आला. खाडीच्या तोंडाशी उथळ पाणी आणि वर इंग्रजांच्या तोफा, त्यामुळे आरमाराचा प्रमुख जहाजं आत घालीना. गाल्वेझ आपलं छोटं जहाज घेऊन पुढे घुसला, मग बाकीची मागोमाग आली. राजाने पुढे त्याच्या कुलचिन्हावर ‘मी एकटा’ हे शब्द कोरायची परवानगी दिली. त्याच्या फौजेत आयरिश पलटणीचे लोक होते, न्यू ऑर्लिन्स आणि हवानाचे कृष्णवर्णीय शिपाईही होते. ८ मे रोजी एक तोफगोळा इंग्रजांच्या दारूकोठारावर पडला आणि दोन दिवसांत पेन्साकोला पडलं.

आता, शाळेत का नाही? मी स्वतः तीस वर्षं इतिहास शिकवला आणि लाफायतपाशीच थांबत आले, तेव्हा दोष थोडा माझ्याकडेही येतो. पण मोठं कारण स्पेननेच करून ठेवलं होतं. त्याने करार केला तो फ्रान्सशी, बंडखोरांशी नाही. स्वतःच्या वसाहती मेक्सिकोपासून पेरूपर्यंत पसरलेल्या; शेजारच्या वसाहतीचं बंड उघड उचलून धरलं तर आपल्या घरात काय होईल? त्याला हवं होतं जिब्राल्टर, मिनोर्का, फ्लोरिडा. बंडखोरांचा जॉन जे माद्रिदला वकील म्हणून गेला, तर त्याला अधिकृत भेटसुद्धा मिळेना.

याचा एक मासला पाहा. पेन्साकोलाच्या इंग्रज कैद्यांना गाल्वेझने अटीवर सोडलं : अदलाबदल होईपर्यंत स्पेन आणि त्याच्या मित्रांविरुद्ध लढायचं नाही. ते कैदी गेले न्यूयॉर्कला, म्हणजे इंग्रजांच्याच ठाण्यात; अमेरिकनांविरुद्ध लढायला ती अट आड येत नव्हती. अमेरिकन चिडले, पण बोलायला जागा नव्हती. कागदोपत्री ते स्पेनचे मित्र नव्हतेच!

गंमत म्हणजे ज्यांच्याशी करार नाही, त्यांचाच पैसा बंडखोरांच्या नोटांवर होता. काँग्रेसने, म्हणजे बंडखोरांच्या प्रतिनिधिसभेने, छापलेल्या नोटेवर वचन असायचं ते ‘स्पॅनिश डॉलर’ म्हणजे पेसोच देण्याचं. हे स्पॅनिश नाणं अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चाललं.

आणि गाल्वेझ? १७८३ मध्ये पोलॉकने त्याचं चित्र काँग्रेसला भेट दिलं, ते लावायचं ठरलंही. पण अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत गाल्वेझचं चित्र प्रत्यक्ष लागलं ते २०१४ साली.