साडीचा रंग, शेठची बाइट आणि फुटलेली वेलांटी

जाहिरातीचे छोटे व्हिडिओ करणाऱ्या वाचकांनी विचारलेले या अंकातले प्रश्न.

प्रश्न : येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानासाठी रील्स करतो. राणी रंगाची साडी व्हिडिओत भलतीच दिसते, शिवाय जरीवर बारीक रेघा वळवळतात. मालक म्हणतात, ‘गिऱ्हाईक व्हिडिओतला रंग मागतं, आणि तो रंग आमच्याकडे नाहीच!’

उत्तर : रंग आणि रेघा यांची कारणं वेगळी आहेत. आधी रंग बघू.

साडीच्या दुकानात बहुधा तीन तऱ्हेचा उजेड एकत्र असतो. छताला ६५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूब, शोकेसमध्ये ३००० केल्व्हिनचे पिवळे स्पॉट आणि दारातून येणारं ऊन. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगाची जुळवणी) एकच ठेवता येतो. त्यामुळे पदर एका रंगाचा, निऱ्या दुसऱ्या रंगाच्या होतात आणि एडिटमध्ये एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. शूटपुरते दुकानाचे दिवे बंद करून घ्या, दाराला जाड पडदा लावा आणि स्वतःचे एकाच जातीचे, ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी गुण) असलेले दिवे वापरा. स्वस्त एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असतो, आणि राणी, डाळिंबी, मरून हे रंग तिथेच मार खातात. दिव्याच्या माहितीत ‘आर ९’ हा गडद लालचा आकडा दिला असेल तर तोही बघून घ्या. व्हाइट बॅलन्स ग्रे कार्ड (करड्या रंगाचा ठरावीक कागद) साडीच्या जागी धरून घ्यायचा. ऑटोवर ठेवला आणि फ्रेमभर राणी रंग आला, की कॅमेरा आपल्या परीने ‘दुरुस्ती’ करून सगळीकडे हिरवट झाक आणतो.

एवढं करूनही कापड सपाट, प्लॅस्टिकसारखं दिसत असेल तर लाल चॅनेल भरून वाहतोय, म्हणजे लाल रंग कॅमेऱ्याच्या मर्यादेबाहेर गेलाय. साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाचा आलेख) हे कळत नाही, तिन्ही रंग वेगळे दाखवणारा लावा. एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणा, प्रोफाइल न्यूट्रल ठेवा, सॅच्युरेशन थोडं उतरवा.

वळवळणाऱ्या रेघा म्हणजे मॉयरे. विणीची जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलची जाळी साधारण सारख्या बारकाईची झाली की तो उमटतो. कॅमेरा हातभर पुढे किंवा मागे घ्या, नाहीतर कोन थोडा तिरका करा. कॅमेऱ्यातला शार्पनेस अगदी खाली ठेवा. तपासताना मॅग्निफाय करून बघा, कारण छोट्या स्क्रीनवर चित्र आक्रसल्यामुळेही खोट्या रेघा दिसतात. फुटेजमध्ये उमटलेला मॉयरे एडिटमध्ये फिका होतो, पूर्ण जात नाही.

आता मुद्दा रीलचा. जरीवर समोरून लाइट टाकला तर ती नुसती पिवळी दिसते. चार फुटी सॉफ्टबॉक्स ४५ अंशांत बाजूला लावा आणि कॅमेरा स्थिर ठेवून साडी हलवा; घडी फिरते तशी चकाकी सरकते. आणि एक शॉट चुकवू नका. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी पदराच्या मागच्या बाजूनेही तशीच दिसते. पदरावरचा मोर दाखवून तोच पदर विणकराच्या किंवा विक्रेत्याच्या हाताने उलटा होऊ द्या. पाच-सहा सेकंद, सलग. मध्ये कट मारलात की पुरावा गेला. गिंबलवरून (कॅमेरा न हलता धरणारा दांडा) दुकानभर घेतलेल्या चकरांपेक्षा हा एक शॉट जास्त साड्या विकतो, असं आमचं मत आहे.

मंजुरी घेताना मालकाच्या फोनमधला ‘व्हिव्हिड’ डिस्प्ले बंद करायला लावा आणि साडी शेजारी ठेवूनच रंग ठरवा.

प्रश्न : दुकानात सेकंदाला १२० फ्रेमने स्लो मोशन घेतलं की सगळं लुकलुकतं. कॅमेरा खराब आहे का?

उत्तर : नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १२० फ्रेमचा त्याच्याशी मेळ बसत नाही. २५ फ्रेमला शटर १/५० सेकंद, ५० फ्रेमला १/१०० ठेवा. १०० फ्रेमची सोय असेल तर तीही १/१०० ला चालते. डिमरने मंद केलेले एलईडी मात्र आपल्याच तालावर लुकलुकतात. ते पूर्ण उजेडावर न्या किंवा बंद करा.

प्रश्न : भोसरीतल्या एका मशीन शॉपचा परिचय व्हिडिओ करायचा आहे. मालक एरवी भरभरून बोलतात, पण कॅमेरा सुरू झाला की पाठ केलेलं म्हणतात, ‘आमची कंपनी गुणवत्तेशी तडजोड करत नाही.’

उत्तर : ते वाक्य तालुक्यातली प्रत्येक कंपनी म्हणते. आधी त्यांच्या हातातला कागद काढून घ्या आणि त्याऐवजी त्यांनीच बनवलेला एखादा पार्ट व मायक्रोमीटर द्या. ‘कंपनीबद्दल सांगा’ असं विचारू नका. ‘हा कुठे बसतो? यात सगळ्यात अवघड माप कोणतं? रिजेक्ट झाला तर का होतो?’ असं विचारा. हात कामात गुंतले की माणूस आपल्या भाषेत बोलतो. तुमचा आवाज एडिटमध्ये कापला जाणार असल्याने उत्तरात प्रश्न यायला हवा, एवढं आधी सांगून ठेवा. पहिली पाच मिनिटं वाया जाणार असं धरूनच चला. आणि रेकॉर्डिंग संपलं म्हणून ताबडतोब कॅमेरा बंद करू नका. ‘झालं का?’ म्हटल्यावर माणूस सैल होतो. त्यांना सांगून आणखी दोन मिनिटं चालू ठेवा.

बाइट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) जेवणाच्या सुट्टीत घ्या, कॉम्प्रेसर आणि पंखे बंद करून. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, वायरचा छोटा वेढा चिकटपट्टीने शर्टाच्या आतून अडकवलेला. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शेवटी ३० सेकंद कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या, कट जोडताना लागतो.

बी-रोल (बोलण्यावर लावायची कामाची दृश्यं) घेताना दोन गोष्टी सांभाळा. लेझर मार्किंग किंवा कटिंगच्या झोतासमोर कॅमेरा नको, थेट किंवा परावर्तित किरणाने सेन्सरवर कायमचा डाग पडतो. आणि कोणते पार्ट, कोणती ड्रॉइंग दाखवायची नाहीत हे शूटच्या आधी विचारा. पार्ट त्यांच्या ग्राहकाचा असतो, आणि मागच्या टेबलावरचं एक ड्रॉइंग दिसलं तरी अख्खा व्हिडिओ परत एडिटला येतो.

प्रश्न : कोल्हापुरातल्या मिसळवाल्यांना ६० सेकंदांत आजोबांपासूनचा इतिहास, नवी शाखा, पार्किंग, ऑफर आणि चव सगळं हवंय. नाही कसं म्हणायचं?

उत्तर : नाही म्हणू नका, मोजून दाखवा. मिनिटभरात सावकाश बोलले तर साधारण १२० शब्द बसतात. त्यांचा मजकूर त्यांनाच घड्याळ लावून मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा, ‘हा बघून माणसाने काय करायचं? नव्या शाखेत यायचं, की पार्सल मागवायचं?’ उत्तर येईल तो एक व्हिडिओ. बाकीचे विषय त्याच दिवशी शूट करून १५-१५ सेकंदांचे वेगळे द्या, आणि कोटेशनमध्येही वेगळेच लिहा.

पहिल्या दोन सेकंदांत लोगो नको, मिसळीचा कट (तिखट रस्सा) ओतला जाऊ द्या. ताटली काळ्या पार्श्वभूमीवर, लाइट मागून आणि थोडा वरून. समोरून टाकलेल्या लाइटमध्ये वाफ दिसतच नाही. पंखे बंद. आधी लेन्स, फोकस, फ्रेम हे सगळं रिकाम्या ताटलीवर ठरवा, कारण शेव दोनेक मिनिटांत मऊ पडते आणि तर्रीची लाल चमक कट गार होईल तशी उतरते. एका शूटला चार-पाच ताजी ताटं लागतील, हे मालकांना आधीच सांगा.

रील उभं आणि यूट्यूब आडवं, दोन्ही हवं असेल तर फोर-केमध्ये आडवं शूट करा. त्यातून उभा तुकडा कापला तर १२१५ पिक्सेल रुंदी मिळते, रीलला १०८० पुरते. फुल एचडीतून कापला तर जेमतेम ६०७ उरतात आणि चित्र फाटतं.

प्रश्न : एडिटमध्ये मराठी अक्षरं तुटतात. ‘कि’ची वेलांटी उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटी होतात.

उत्तर : प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिनचा पर्याय असेल तर तो ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ वर न्या आणि युनिकोड फॉन्ट वापरा. क्लायंटचा मजकूर कृतिदेव वा श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टच्या फाइलमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. अक्षरं नीट आली तरी दोन ओळींतलं अंतर वाढवा, इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

प्रश्न : क्लायंट सगळं रॉ फुटेज (एडिट न केलेलं मूळ शूट) मागतोय, आणि सिनेमातलं गाजलेलं गाणं टाका म्हणतोय.

उत्तर : गाण्याला सरळ नकार द्या. जाहिरातीसाठी गीत-संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा, असे दोन्ही हक्क घ्यावे लागतात. ॲपमध्ये गाणं दिसतं म्हणून ते व्यवसायासाठी मोकळं होत नाही. व्यावसायिक वापराची परवानगी असलेलं संगीत घ्या आणि परवान्याची प्रत फाइलसोबत पाठवा.

फुटेजबाबत मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करून घेणाराच असतो. आणि या कायद्यात ‘चित्रपट’ या शब्दात व्हिडिओही येतो. म्हणून ‘मी शूट केलं, माझंच’ या भरवशावर राहू नका. कोटेशनमध्येच लिहा : अंतिम फाइल कोणत्या, रॉ फुटेज द्यायचं का आणि त्याचे किती पैसे, ते किती महिने सांभाळणार, दुरुस्तीच्या फेऱ्या किती. दोन फेऱ्या पुरतात. दुरुस्त्या एकाच माणसाकडून, वेळ लिहून घ्या, ‘००:१४ ला लोगो उशिरा येतोय’ अशा. तयार फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर दाबून खराब झालेला व्हिडिओ बघून तिसरी फेरी सुरू होते.