पडवीमागची सिगारेट

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, गावच्या भजनात टाळ वाजवतो. गणपतीत रात्री घरोघर भजनं असतात. मधल्या वेळेत मोठी मुलं पडवीमागे सिगारेट ओढतात आणि यालाही आग्रह करतात. नको म्हटलं की 'भियालंस काय?' विचारतात. त्यानेच मला सांगितलं. हे म्हणतात, भजनाला पाठवूच नको. ताई, काय करू?
– एक आई, मालवण तालुका

उत्तर: टाळ सोडायला लावू नका. मुलगा आपणहून तुमच्याशी बोलला, हे फार मोठं आहे. त्याबद्दल भजन गेलं, तर पुढची गोष्ट तो घरात सांगणार नाही.

'नको' म्हणायला त्याला येतंच. अडतं ते त्यानंतर. म्हणून घरी सराव करा, तोही मालवणीतच, कारण पडवीमागे कुणी पुस्तकी बोलत नाही. तुम्ही मोठा मुलगा व्हा: 'मार रे एक झुरको, काय होवचा नाय.' त्याने म्हणायचं, 'नको माका.' बस. घसा बसलाय, आई ओरडेल अशी कारणं मुलं देतात आणि तिथेच सापडतात, कारण प्रत्येक कारणाला समोरच्याकडे तोड असते. 'भियालंस काय?' आलं की पुन्हा तेच दोन शब्द, त्याच आवाजात, नजर खाली न घालता. मग सरळ बुवांजवळ जाऊन बसायचं. पहिल्यांदा तो हसेल, लाजेल. तोंडात बसेपर्यंत करून घ्या. बरोबरीचा एखादा मित्र सोबत असेल तर निम्मं काम झालं.

आणि घरात त्याचं 'नको' चालतं का, तेही बघा. आत्या आग्रहाने तिसरा मोदक वाढते, तो नको म्हणतो, आणि आपणच म्हणतो, 'खा रे, तिला वाईट वाटेल.' मोठ्यांचं मन राखायला नको ते घ्यायचं, हे मूल इथेच शिकतं. घरात कुणी विडी ओढत असेल तर आणायला त्याला मुळीच पाठवू नका. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणंच गुन्हा आहे.

चाळिशीतल्या कॅन्सरची भीती चौदाव्या वर्षी लागत नाही. त्यापेक्षा निकोटिनची सवय कोवळ्या वयात लवकर जडते आणि गाणाऱ्याचा दम जातो, हे सांगा.

बुवांशी मात्र तुम्ही स्वतः बोला, मुलाचं नाव न घेता. मधल्या वेळेत सगळ्यांनी खळ्यातच बसायचं, एवढं त्यांनी सांगितलं तरी पुरे. त्या मोठ्या मुलांपैकी कुणाला सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. तो नंबरही बुवांकडे देऊन ठेवा.