५ वॅटचा रेडिओ डोंगरमाथ्यावर नेला तर खरंच लांबवर बोलता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच मिळालाय, डोंगर चढायची सवय जुनीच आहे, पण घरच्या १०० वॅटच्या सेटला सुद्धा धड कुणी उत्तर देत नाही. मग ५ वॅटचा एवढासा रेडिओ वर नेऊन काय होणार? आणि खिशात फोन असताना हा खटाटोप कशाला?

फोनबद्दल मी वाद घालत नाही, हौसेला मोल नसतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम आहे: येतं. बँड उघडा असेल, म्हणजे वातावरणाचे वरचे थर त्या लहरी परत खाली वळवत असतील, तर १४ मेगाहर्ट्‌झवर ५ वॅटमध्ये हजार-दीड हजार किलोमीटर ही नवलाची गोष्ट नाही. पण तुम्ही गृहीत धरलंय तसं त्याचं श्रेय उंचीला फारसं जात नाही. हे मला कळलं ते एका वेंधळेपणामुळे.

पहिल्यांदा रेडिओ घेऊन चढले तेव्हा बॅटरी, अँटेनाची तार, ती उभारायची काठी, वही सगळं बरोबर होतं आणि माइक घरी टेबलावर. मोर्स, म्हणजे माइकशिवाय टिंब-रेघांत बोलायची भाषा, तेव्हा येत नव्हतं. चढलोच आहोत तर निदान ऐकू तरी, म्हणून तार बांधली, हेडफोन लावले आणि वाटलं रेडिओ बंदच आहे. घरी ७ मेगाहर्ट्‌झवर कुणी बोलत नसतानाही माझा एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) ७ च्या खाली उतरत नाही. चार्जर, एलईडीचे दिवे, शेजारचा सोलर इन्व्हर्टर यांची मिळून अखंड खरखर चालू असते. इथे मीटर तळाला टेकलेला. आवाजाचं बटण बरंच फिरवल्यावर पार मागे, विहिरीच्या तळातून यावा तसा एक माणूस कॉल साइन (आपल्या स्टेशनची ओळख) सांगताना ऐकू आला. घरच्या खरखरीत तो मला जन्मात सापडला नसता. तासभर नुसती डायल फिरवत बसले आणि खाली उतरले.

तर शिखर तुम्हाला आधी शांतता देतं. पण त्यात एक गोम आहे. शांतता तुमच्याकडे आहे, समोरच्याकडे नाही. तुम्हाला सगळे लख्ख ऐकू येतात म्हणून वाटतं की आपणही त्यांना तसेच ऐकू जात असू. तो मात्र गावातल्या खरखरीत बसलाय आणि तुमचा सिग्नल त्याला उकरून काढायचाय. नवखे इथेच खट्टू होतात. मोठ्या स्टेशनला वीस वेळा हाक मारायची, उत्तर नाही, मग रेडिओला दोष.

आता वॅटचा हिशोब. १०० वरून ५ वर आलात की १३ डेसिबल गेले. एस-मीटरची एक पायरी ६ डेसिबलची धरतात, म्हणजे सव्वादोन पायऱ्या. तुमचे १०० वॅट ज्याला ९ वर ऐकू येतात त्याला ५ वॅट ७ च्या आसपास ऐकू येतील. एवढंच. लोक वीसपट ऐकून घाबरतात, पण कान वीसपट मोजत नाही. घरी १०० वॅटला उत्तर येत नसेल तर मला आधी तुमच्या अँटेनाचा संशय येतो, नाहीतर त्या खरखरीचा: लोक उत्तर देत असतील आणि तुम्हालाच ऐकू येत नसेल.

दुसरी गोष्ट माणसांची. २ मार्च २००२ ला ब्रिटनमध्ये ‘समिट्स ऑन द एअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला, सगळे त्याला ‘सोटा’ म्हणतात. आता तो बऱ्याच देशांत चालतो आणि भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. प्रत्येक पात्र शिखराला क्रमांक असतो. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्केफेल पाइक म्हणजे जी/एलडी-००१. शिखराला १ ते १० गुण. माथ्यावरून बोलणारा तो ॲक्टिव्हेटर, आणि घरी बसून त्याला शोधणारा तो चेझर. चेझरलाही गुण मिळतात, आणि या उपक्रमाची खरी गंमत इथेच आहे. नुसत्या हाकेला उत्तर देणं आणि तुमचा क्षीण आवाज मुद्दाम कान लावून शोधणं यात फार फरक असतो. चांगली अँटेना असलेला, तासन्‌तास कान देणारा माणूस तुमचीच वाट बघत बसलेला असतो. म्हणून मोठ्या स्टेशनांच्या मागे लागू नका. मोकळी फ्रिक्वेन्सी बघा, ती वापरात आहे का ते विचारा, तिथे ठाण मांडून सीक्यू (‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक) द्या आणि फोनला रेंज असेल तर सोटाच्या साइटवर तुमचा स्पॉट, म्हणजे कुठल्या शिखरावर, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहात ती सूचना, टाका. दोन मिनिटांत गर्दी होते. एकाच वेळी पाच-सहा जण आपली कॉल साइन फेकतात. पहिल्यांदा माझे हात थरथरले होते, कुणाचं एखादंच अक्षर कळलं, तेवढंच परत म्हटलं. तेवढं पुरतं, बाकीचे थांबतात.

नियम थोडेच आहेत आणि सरळ आहेत. माथ्यापासून खाली २५ मीटर उंचीच्या पट्ट्यातच बसायचं. गुण हवे असतील तर किमान चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क व्हायला हवा. जमिनीवरच्या रिपीटरमधून (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनातून) झालेला संपर्क धरत नाहीत. गाडीतून किंवा गाडीजवळून बोलायचं नाही, जनरेटर चालत नाही, शेवटचा टप्पा स्वतःच्या ताकदीवर यायचं आणि सामान आपलं आपण वाहायचं. १००० गुण जमले की ॲक्टिव्हेटरला ‘माउंटन गोट’ म्हणतात. चेझरला १००० ला ‘शॅक स्लॉथ’, म्हणजे घरबसल्या आळशी. हे बिरुद लोक अभिमानाने मिरवतात.

चार संपर्क ऐकायला किरकोळ वाटतात. दुसऱ्या खेपेला माइक नेला. सहा मिनिटांत तीन झाले आणि मग चाळीस मिनिटं काहीच नाही. बँड गेला, सूर्यावर काही झालं असेल, असं मनात आलं. मान वर केली तर काठी अर्धी मिटलेली आणि तार झुडपावर पसरलेली. रेडिओने बिचाऱ्याने स्वतःला वाचवायला पॉवर आधीच उतरवली होती, स्क्रीनवर एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी जुळतेय का ते सांगणारा आकडा) दिसत होता, मीच बघितला नव्हता. मासेमारीच्या गळाची असते तसली एकात एक सरकणारी काठी असते ती. नुसती ओढली तर वाऱ्याने मिटते, जोरात ओढली तर उतरताना सुटत नाही. ओढता ओढता किंचित पीळ द्यायचा आणि खालच्या तीन-चार सांध्यांवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा. काठी फायबरग्लासची घ्या. कार्बनची हलकी असते, पण ती वीजवाहक आहे, तारेच्या शेजारी नको.

तार कोणती? १४ मेगाहर्ट्‌झला अर्ध्या तरंगाची लांबी साधारण १० मीटर. एका टोकाला ४९:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर, तिथे तारेचा अडीचेक हजार ओहमचा रोध रेडिओला हव्या त्या ५० वर येतो आणि केबल थेट रेडिओत जाते. तारेचा मधला भाग काठीच्या टोकावर, दोन्ही टोकं उताराकडे ताणलेली. मला एवढ्यात भागतं. पैसे आणि डोकं कुठे खर्च करायचं असेल तर ते या तारेवर करा, रेडिओ दुय्यम आहे. काठी बांधायला दोरी न्या. दगड रचून भागेल असं वाटतं, पण वाऱ्यात ते भागत नाही.

उंची खरी कामी येते ती व्हीएचएफवर, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या फ्रिक्वेन्सींवर. तिथे लहरी जवळजवळ सरळ जातात. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, त्याला ४.१ ने गुणा, येईल ते रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये. भोवतालच्या सपाटीपेक्षा १००० मीटर वर असाल तर साधारण १३० किलोमीटर. समोरचाही शिखरावर असेल तर दोघांची क्षितिजं जोडली जातात. म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीसारख्या सेटनेही शिखर पूर्ण होऊ शकतं, टप्प्यात चार हॅम हवेत इतकंच. मात्र माथ्यावर मोबाइलचे किंवा प्रसारणाचे मनोरे असतील तर स्वस्त हँडसेट बहिरा होतो. मग २५ मीटरच्या पट्ट्यातच पलीकडच्या अंगाला उतरायचं आणि मनोऱ्याच्या आड खडक घ्यायचा.

बॅटरीत मी लिथियम आयर्न फॉस्फेटच वापरते. चार सेलचा १२.८ व्होल्टचा, ३ अँपिअर-तासाचा पॅक दोन तास सहज पुरतो. दुसरी बॅटरी वाहण्यापेक्षा जास्तीचं पाणी वाहा.

ढग दाटायला लागले तर मात्र हिशोब करत बसायचं नाही. तार सुईसुई आवाज करायला लागली, हेडफोनमध्ये तडतड वाढली किंवा अंगावरचे केस उभे राहिले की वीज पडू शकते, लगेच उतरा; चौथा संपर्क राहिला तर राहू द्या. मी एकदा तीनवर असताना काठी पाडली आणि तारेची गुंडाळी न करता तशीच सॅकमध्ये कोंबून उतरले. ती सोडवायला घरी दोन संध्याकाळ गेल्या, तक्रार नाही.

मोर्स शिकायलाच हवं असं नाही, पण शिकलात तर ५ वॅटचं सोनं होतं. बोलण्याचा सिग्नल सुमारे २.४ किलोहर्ट्‌झमध्ये पसरतो, मोर्सचा अगदी अरुंद पट्टीत मावतो, म्हणून समोरचा फिल्टर आवळून खरखर कापून टाकू शकतो. आणखी एक फायदा म्हणजे जगभर मोर्स ऐकत बसलेले स्वयंचलित रिसीव्हर आहेत. जाण्याआधी सोटाच्या साइटवर बेत नोंदवून ठेवला असेल तर वर रेंज नसली तरी तुमच्या सीक्यूवरून स्पॉट आपोआप पडतो. मला नीट ऐकू यायला वर्ष लागलं. आता माइक नेतच नाही, म्हणजे विसरायचाही प्रश्न नाही.

पहिलं शिखर तासाभराच्या चढाईचं आणि वर मोकळी जागा असलेलं निवडा. वहीत पेन्सिलने लिहा, थंडीत आणि ओल्या कागदावर बॉलपेन दगा देतं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) लिहायची हे विसरू नका. माझ्या पहिल्या लॉगमध्ये निम्म्या वेळा स्थानिक आणि निम्म्या यूटीसी होत्या, आणि कोणती कुठली हे आठवायला त्या चारही जणांना मेल पाठवावे लागले.