मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरमधून गिटारचा चांगला टोन कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरवर (गिटारच्या आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणारं, पायाशी ठेवायचं यंत्र) हेडफोन लावून बनवलेले टोन झकास वाटतात, कॉलेजच्या गिटार अ‍ॅम्पला तेच लावले की डब्यात कोंडल्यासारखे येतात, आणि कार्यक्रमात मिक्सरला दिले की ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नाही. मग नवा, महागडा प्रोसेसर घ्यावा का?

घेऊ नका. मी १६ वर्षं सांगली-कोल्हापूर भागात वाद्यवृंदात गिटार वाजवतोय आणि गेली काही वर्षं माझ्या पायाशी बॉस कंपनीचा साधा जीटी-१ प्रोसेसर आहे. तुम्ही सांगितलेली दोन्ही दुखणी मी भोगली आहेत. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि त्यातलं एकही पैसे खर्चून जाणारं नाही.

आधी डब्यातल्या आवाजाचं बघू. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. १२ इंची गिटार स्पीकरचा आवाज साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनमधली (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातली) कानाला टोचणारी खरखर नेमकी त्या वरच्या भागात असते, म्हणजे स्पीकर गाळण्याचं काम करतो आणि आपल्या कानांना तो गाळलेला आवाजच 'गिटारचा आवाज' म्हणून सवयीचा झालेला असतो. प्रोसेसरमध्ये 'कॅब' नावाचा जो ब्लॉक असतो, ती या गाळण्याची नक्कल: स्पीकर, त्याची लाकडी पेटी आणि समोर धरलेला माइक, तिन्ही मिळून. हेडफोनला आणि मिक्सरला तो ब्लॉक लागतोच. एकदा बंद करून ऐका, बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज येईल. पण तोच पॅच (साठवून ठेवलेली टोनची सगळी सेटिंग्ज) गिटार अ‍ॅम्पला लावलात की नकली स्पीकरमधून गाळलेला आवाज खऱ्या स्पीकरमधून पुन्हा गाळला जातो. वर त्या अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प (टोन घडवणारा पहिला भाग) आपली चव मिसळतो. झाला डबा.

म्हणून टोन बनवायला बसण्याआधी आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार हे ठरवा. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. कॉलेजच्या अ‍ॅम्पची मागची बाजू बघा. 'रिटर्न' किंवा 'पॉवर अ‍ॅम्प इन' असं लिहिलेलं जॅकचं भोक असेल तर प्रोसेसर तिथे लावा, कॅब बंद ठेवा आणि प्रोसेसरमधलं अ‍ॅम्प मॉडेल चालू ठेवा. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प वाटेतून बाजूला होतो. रिटर्न नसेल, पुढचं इनपुटच वापरावं लागत असेल, तर अ‍ॅम्प क्लीन चॅनलवर ठेवा, त्याचे बास आणि ट्रेबल बरेच खाली आणि मिड पूर्ण वर करा. विचित्र वाटेल, पण फेंडर धाटणीच्या अ‍ॅम्पमध्ये सगळे नॉब मध्यावर ठेवले की आवाज सरळ येत नाही, मिड खचलेलाच असतो. सरळपणाच्या जवळ जायचं तर नॉब असेच ठेवावे लागतात. अशा वेळी प्रोसेसरमधलं अ‍ॅम्प मॉडेलही बंद करून फक्त ड्राइव्ह (आवाज फाटवणारा इफेक्ट), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा) एवढंच वापरून बघा. बऱ्याचदा तेच सगळ्यांत छान वाजतं. रोलँडचा जेसी-१२० समोर असेल तर हाच मार्ग धरा. १९७५ पासून तो अ‍ॅम्प त्याच्या स्वच्छ आवाजासाठीच ओळखला जातो.

बहुतेक प्रोसेसरमध्ये हे सांगायची एक जागा असते. जीटी-१ मध्ये मेनूत आउटपुटचा पर्याय आहे: कॉम्बो अ‍ॅम्प, स्टॅक अ‍ॅम्प, रिटर्न, लाइन/फोन्स वगैरे. तुमच्या यंत्रात ती जागा शोधा. मिक्सरला देताना लाइन/फोन्स, अ‍ॅम्पला देताना अ‍ॅम्पचा प्रकार. हा एक पर्याय चुकला तर पुढे तासन्‌तास ईक्यू (बास-मिड-ट्रेबल कमीजास्त करायची सोय) फिरवूनही काही हाती लागत नाही.

आता दुसरं दुखणं, गर्दीत हरवणारी गिटार. हे मला एका नवरात्राच्या कार्यक्रमात कळलं. आदल्या रात्री बारापर्यंत हेडफोन लावून लीडचा (सोलो वाजवायचा) टोन घडवला होता. भरदार बास, वर चकचकीत ट्रेबल, मध्ये मऊ. मंडपात साउंडचेकला एकट्याने वाजवला तेव्हा मंडळाची पोरं थांबून ऐकत होती. कार्यक्रम सुरू झाला, बास गिटार, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड एकदम आले, आणि माझं लीड नाहीसं झालं. मी व्हॉल्यूम वाढवला तर नुसतं घुमायला आणि कर्कश वाटायला लागलं. मध्यंतरात साउंडवाल्या दादांनी मिक्सरजवळ बोलावलं. माझ्या चॅनलचा लो-कट (खालचे सूर कापणारं बटण) चालू केला, मिडचा नॉब ८०० हर्ट्झच्या आसपास नेऊन थोडा उचलला, ट्रेबल खाली घेतला आणि म्हणाले, "आता एकटाच वाजव बरं." एकट्याने ऐकताना तो आवाज नाकातून आल्यासारखा, रुक्ष वाटला. मी तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, "हा तुला आवडायचा नाही. पण लोकांना ऐकू येईल." मध्यंतरानंतर प्रत्येक सूर मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेला.

यामागे कानाचं शास्त्र आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असतो तेव्हा कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांपेक्षा कमी ऐकू येतात, आणि आवाज मोठा झाला की ते अंतर कमी होतं. घरी हळू आवाजात ऐकताना आपण ती उणीव भरून काढायला बास आणि ट्रेबल चढवतो. तोच पॅच मंडपात मोठ्याने लागला की बास घुमतो, ट्रेबल टोचतो आणि मधला भाग, जिथे गिटार खरी राहते, पोकळ पडतो. त्यात गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झवर असते, बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ वर. त्याच्या वरचे सूर आणि ढोलकीचा धुमा, सगळे १०० ते २०० च्या पट्ट्यात गर्दी करतात. तिथे गिटारने भांडण्यात अर्थ नाही.

म्हणून मिक्सरला जाणाऱ्या पॅचमध्ये शेवटी एक ईक्यू ठेवा. लो-कट १०० च्या आसपास, हाय-कट ६ ते ७ हजारांवर, आणि ५०० ते १००० मधला भाग खाली न ओढता जरासा वर. आणि हे सगळं कार्यक्रमात जेवढा असतो तेवढ्या आवाजात करा. घरी शक्य नसेल तर तालमीच्या खोलीत अर्धा तास आधी जा. तेही जमत नसेल तर बास आणि तालवाद्यं असलेला एखादा ट्रॅक मोबाइलवरून लावून त्याच्याबरोबर वाजवत नॉब फिरवा. एकट्या गिटारवर घेतलेला निर्णय हमखास चुकतो.

आता पॅच कसा बांधायचा. कंपनीचे भरलेले पॅच बाजूला ठेवा. ते दुकानात हेडफोन लावल्यावर पहिल्या दहा सेकंदांत छाप पडावी असे बनवलेले असतात, त्यामुळे गेन (आवाज किती फाटवायचा ते) आणि रिव्हर्ब भरमसाट. रिकामा पॅच घ्या. त्यात एक अ‍ॅम्प, एक कॅब, बाकी काही नको. गिटारचा व्हॉल्यूम १० वर, तारा बऱ्या स्थितीत. गंजलेल्या तारांतून कुठल्याच यंत्राला चांगला आवाज काढता येत नाही. आता जी मेजरची ओपन कॉर्ड धरा आणि पिक वरून खाली सावकाश ओढा, एकेका तारेवर. नंतर एकदम झटक्यात वाजवा. एकदम वाजवल्यावरही दुसरी तार, बी, वेगळी ऐकू येते का? येत नसेल तर गेन कमी करा, ती ऐकू येईपर्यंत. हातात बळ कमी झाल्यासारखं वाटेल, पहिले दोन दिवस चुकल्या-चुकल्यासारखंही वाटेल. पण रेकॉर्डवर जाड, भिंतीसारखा वाटणारा गिटारचा आवाज बऱ्याचदा दोन-तीन वेळा वेगवेगळा वाजवून एकावर एक चढवलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक गिटारचा गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. एकट्या गिटारने तो आवाज गेन वाढवून काढायला गेलं की नुसता चिखल होतो.

लीडला धार हवी असेल तर गेन वाढवण्याऐवजी अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा ड्राइव्ह ठेवा. प्रोसेसरमध्ये तो टी-स्क्रीम, टीएस ड्राइव्ह अशा नावांनी सापडतो. त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल बरीच वर, टोन मध्यावर. हा इफेक्ट खालचा फुगवटा कापतो आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे आणतो. म्हणजे त्या दादांनी मिक्सरवर हाताने केलं त्यातलं बरंचसं आधीच होऊन जातं. इबानेझने हा पेडल १९७० च्या दशकाच्या शेवटी आणला आणि आजही हेवी रिदम घट्ट करायला लोक त्याचाच आधार घेतात. माझ्या प्रत्येक ड्राइव्ह पॅचमध्ये तो आहे. एकच युक्ती शिकायची असेल तर ही शिका.

सोलोला आवाज वाढवायचा असेल तेव्हा बूस्ट कुठे ठेवता याकडे लक्ष द्या. ड्राइव्ह केलेल्या अ‍ॅम्पच्या आधी ठेवलात तर आवाज फारसा वाढत नाही, नुसती घाण वाढते, कारण अ‍ॅम्प आधीच दाबला गेलेला असतो. अ‍ॅम्पच्या नंतर ठेवलात तर खरोखर मोठा होतो. तीनेक डेसिबल पुरतात. जास्त दिलंत तर साउंडवाला तुमचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि मग रिदमही जातं.

डिले आणि रिव्हर्ब अ‍ॅम्प-कॅबच्या नंतर. डिलेचा वेळ अंदाजाने ठेवू नका. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या गाण्याला ५००, आणि डॉटेड एट्थ हवा असेल तर त्याचा पाऊण, ३७५. टॅप टेम्पो असेल तर पायानेच द्या. रिव्हर्ब घरी आवडतो त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा. मंगल कार्यालयाची फरशी आणि पत्र्याचं छत बाकीचा देतातच.

अकूस्टिक सिम्युलेटरबद्दल (इलेक्ट्रिक गिटारमधून अकूस्टिकसारखा आवाज काढणारा इफेक्ट) फार आशा ठेवू नका. हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) तो प्लास्टिकसारखा वाजतो. सिंगल कॉइलवर (एका कॉइलच्या पिकअपवर), मधल्या पोझिशनला, १५० च्या खालचं सगळं कापून, स्ट्रमिंगपुरता चालतो. उघड्यावर एकट्या गिटारने गाण्याची सुरुवात असेल तर खरी अकूस्टिकच न्या.

हमिंगचं एक सांगतो आणि हे नीट वाचा. मिक्सरला लावल्यावर घूंऽऽ असा आवाज आला की काही जण प्लगची मोठी तिसरी पिन काढून टाकतात किंवा अर्थिंगची वायर तोडतात. हे कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. मंडपात जनरेटरची वायरिंग असते, गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात आणि ओठ माइकला लागतात. अर्थिंग नसेल तर तो शॉक जीव घेऊ शकतो. हमिंगसाठी डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) मागा आणि त्याच्यावरचा 'ग्राउंड लिफ्ट' दाबा. तो फक्त आवाजाच्या केबलचं ग्राउंड तोडतो, विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. तुमचा प्रोसेसर सेलवर चालत असेल (जीटी-१ ला चार पेन्सिल सेल लागतात), तर एकदा अडॅप्टर काढून बघा. हमिंग गेलं तर अडॅप्टर किंवा त्या लाइनचा दोष, राहिलं तर केबल किंवा पिकअप. सिंगल कॉइल असेल तर स्टेजवरच्या दिव्यांच्या डिमरकडे गिटारचं तोंड करून उभे राहू नका. थोडं वळलात तरी फरक पडतो. नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारा इफेक्ट) हा शेवटचा उपाय. तारा हाताने दाबून धरा, सूंऽऽ थांबेपर्यंत थ्रेशोल्ड वर न्या, मग एक लांब सूर सोडून बघा. शेपूट मध्येच तुटली तर जरा मागे या.

एका कार्यक्रमाला मी चारच पॅच नेतो: कोरस असलेला क्लीन, हलका ड्राइव्ह, लीड, आणि गरज पडलीच तर तो अकूस्टिक. चौघांचे आवाज तालमीत, बास आणि ढोलकी वाजत असताना जुळवलेले असतात. क्लीनच्या कॉर्ड्स आणि ड्राइव्हच्या कॉर्ड्स आलटून-पालटून वाजवायच्या आणि लेव्हल तेव्हाच ठरवायची. मंडपात पोहोचल्यावर मग जागेप्रमाणे मी फक्त शेवटच्या ईक्यूचा लो-कट आणि रिव्हर्ब हलवतो, बाकी कशाला हात लावत नाही.