कंदील, कँडेला आणि हरिश्चंद्रातला 'श'

प्रश्न असा आला आहे: "दुकानदार 'नऊ वॅटचा उजेड' म्हणतात, ते बरोबर का? बल्बच्या खोक्यावर लुमेन असतं, कुठे लक्स असतं, कुठे कँडेला. या शब्दांना मराठीत काय म्हणावं? आणि कंदील हा इंग्रजी 'कँडल'चा अपभ्रंश आहे असं वाचलं, ते खरं का?"

पहिल्याचं उत्तर: साफ चूक. 'नऊ वॅटचा दिवा' म्हणा, खुशाल म्हणा. 'नऊ वॅटचा उजेड' म्हणू नका. दिवा किती वीज खातो ते वॅट सांगतं, किती उजेड देतो ते सांगत नाही. बैलाला पेंड किती घातली यावरून नांगरट किती झाली ते कळतं का? घरातली इस्त्री हजार वॅटची असते. तिचा उजेड किती पडतो? शून्य.

ही सवय लागली कशी, ते समजतं. तारेच्या बल्बच्या काळात चाळीसचा, साठचा, शंभरचा असे दिवे मिळायचे आणि आकडा वाढला की उजेड वाढायचा. साठच्या बल्बमधून साधारण सातशे-आठशे लुमेन प्रकाश निघायचा. आज तेवढाच प्रकाश एलईडी आठ-नऊ वॅटमध्ये देते. वॅट आणि उजेडाची ती जुनी सोयरीक तुटली, पण आपली जीभ तिथेच अडकून राहिली. त्यातही 'झिरोचा बल्ब' हा शब्द ऐकला की मला राहवत नाही. देवघरातला तो तारेचा लाल झिरोचा बल्ब चांगली बारा-पंधरा वॅट वीज खायचा. शून्य कुठलं आलं?

आता लुमेन आणि लक्स. यांना संस्कृतातून जड जड प्रतिशब्द घडवण्याआधी आपण घरात काय बोलतो ते ऐका. दिव्यातून प्रकाश निघतो आणि वहीवर उजेड पडतो. निघणं वेगळं, पडणं वेगळं. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जेवढा प्रकाश निघाला, तो लुमेनमध्ये मोजतात. वहीच्या पानावर जेवढा पडला, तो लक्समध्ये. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन सारखा पसरला की एक लक्स. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लागतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा भरत नाही. 'काय उजेड पाडलास?' असं आपण नापास झालेल्या पोराला विचारतो, तेव्हा त्याच्या आत किती प्रकाश आहे याची चौकशी नसते. गुणपत्रिकेवर किती पडला, तेवढंच विचारायचं असतं. हा अस्सल लक्सचा प्रश्न आहे. आणि 'दिव्याखाली अंधार' म्हणजे लुमेन भरपूर, पण समईच्या बुडाशी लक्स नाहीत. मोबाइलच्या पडद्याची झळाळी सांगायला 'निट' हे आणखी एक माप वापरतात, डोळे दिपवणारं. त्यावर इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते कँडेलावर. दिवा एका विशिष्ट दिशेला किती प्रखर आहे, ते कँडेलात मोजतात. टॉर्चमध्ये लुमेन थोडे असले तरी ते सगळे एकीकडेच जातात, म्हणून तिची प्रखरता दांडगी असते. या मापाची सुरुवात खरोखरच मेणबत्तीपासून झाली. लंडनच्या गॅसदिव्यांची प्रत तपासायची तर कशाशी तुलना करायची, हे १८६० मध्ये इंग्लंडने कायद्याने ठरवलं: देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची मेणबत्ती, सहा मिळून एक पौंड भरतील एवढी, तासाला १२० ग्रेन जळणारी. १२० ग्रेन म्हणजे पावणेआठ ग्रॅम. फ्रान्सची भिस्त तेलाच्या दिव्यावर, जर्मनीची ४० मिलिमीटर उंचीच्या एका ज्योतीवर. शेवटी १९४८ मध्ये सगळ्यांसाठी एकच एकक ठरलं आणि त्याला लॅटिन नाव दिलं, कँडेला. गोठणाऱ्या प्लॅटिनमच्या तेजावरून ते ठरवत असत. १९७९ पासून ते एका ठरावीक कंपनसंख्येच्या पिवळसर हिरव्या प्रकाशावर बेतलं आहे, कारण आपल्या डोळ्याला दिवसा तोच रंग सगळ्यात उजळ दिसतो. त्या रंगाच्या एक वॅट प्रकाशाचे (इथे वॅट खाल्लेल्या विजेचं नव्हे, प्रकाशाच्याच शक्तीचं) ६८३ लुमेन होतात. तांबड्याचे त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे इथे मोजणीत माणसाचा डोळा धरलेला आहे, आणि वॅटला डोळ्याशी काही देणंघेणं नाही.

हे मोजायचं कसं, ते घरी बघता येतं. चकली ठेवून तेलकट झालेला कागद घ्या. दिव्यासमोर धरलात तर तेलाचा डाग उजळ दिसतो, दिवा तुमच्या पाठीशी असला तर काळपट. आता कागदाच्या एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला बल्ब, बाकी खोलीत अंधार. बल्ब मागे-मागे सरकवत जा. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोन्हीकडून सारखाच उजेड पडतो आहे. बल्ब मेणबत्तीच्या आठपट लांब असताना हे झालं, तर तो मेणबत्तीच्या चौसष्टपट प्रखर. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, म्हणून आठाचा वर्ग. बुन्सेनने एकोणिसाव्या शतकात याच तेलकट डागाचं उपकरण केलं होतं.

आता शब्द. लॅटिनमध्ये 'कांदेरे' म्हणजे पांढरं लख्ख चमकणं. त्यावरून कँडेला. त्यावरूनच 'कँडिडेट', कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून फिरायचा. आणि याच धातूचं आपल्याकडचं रूप आहे 'चंद्र'. ऋग्वेदात 'चंद्र' हे मुळात विशेषण आहे: चमकणारा. आकाशातल्या चंद्राला तिथे 'चंद्रमस्' म्हणतात, चमकणारा 'मास्'. 'मास्' मोजण्याच्या धातूवरून आला, कारण दिवस त्याच्यावर मोजायचे. महिन्याला आपण मास म्हणतो तो हाच. चंद्रमा म्हणजे लख्ख मोजणारा! प्रकाशाच्या मापाला नाव देणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तर ते रोमला गेलेच नसते.

'कांद' आणि 'चंद' कसे जुळतात, अशी शंका येईल. त्याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. 'हरिश्चंद्र' या नावात 'श' कुठून आला? परीक्षेच्या मार्गदर्शिका सांगतात: हरिः अधिक चंद्र, विसर्गसंधी. हे मला पटत नाही. समासात पहिलं पद विभक्ती टाकून येतं, 'हरि' एवढंच. म्हणून तर 'हरिचंदन' होतं, 'हरिश्चंदन' होत नाही. तोच हरि, पुढे तोच 'चं', मग एकात 'श' आणि दुसऱ्यात नाही, हे कसं? पाणिनीला ही अडचण नेमकी दिसली होती. मंत्रात ऱ्हस्व स्वरानंतर 'चंद्र' आला की मध्ये 'स्' घालावा, असा नियम त्याने केला आणि हरिश्चंद्र ऋषीच्या नावासाठी वेगळं सूत्र दिलं. निरीक्षण अचूक. पण 'घालावा' हे मला मान्य नाही, पाणिनी असला तरी. तो 'श' बाहेरून घातलेला नाही, तो मुळातलाच आहे. शब्द आधी 'श्चंद्र' होता. एकटा उभा राहिला तेव्हा पुढचा 'श' गळला आणि 'चंद्र' उरला. पण 'पुरुश्चंद्र', 'हरिश्चंद्र' अशा जुन्या समासांच्या पोटात तो सुरक्षित राहिला. नंतरच्या काळात समास घडले तेव्हा 'चंद्र' सुटाच होता, म्हणून रामचंद्रात 'श' नाही. लॅटिनमध्येही पुढचा 'स' असाच गळला आणि 'कांद' उरला. या धातूचं सगळ्यात जुनं रूप 'स्कंद'च्या जवळचं धरतात. आपल्याकडे 'क'चा 'च' झाला, रोमकडे 'क' तसाच राहिला.

ऋग्वेदात सोमाला 'हरिश्चंद्र' म्हटलं आहे, पिवळसर चमकणारा या अर्थाने. आणि आपण 'हरिश्चंद्रगडावर चाललोय' म्हणतो, कोकणकड्याचे फोटो टाकतो, तेव्हा प्रत्येक वेळी हजारो वर्षांपूर्वीचा एक गळून गेलेला ध्वनी उच्चारत असतो. कुणी 'हरीचंद्रगड' लिहिलं की मला म्हणूनच एवढा राग येतो. त्या गडाच्या नावातला सगळ्यात जुना दगड काढून टाकल्यासारखं वाटतं.

हां, कंदील. एका जाणत्या अभ्यासकांनी ठामपणे लिहिलं आहे की कंदील साहेबाबरोबर आला, 'कँडल'चा तो अपभ्रंश. त्यांच्या इतर लेखनाबद्दल आदर आहे, पण हे त्यांनी तपासलेलं नाही. इंग्रजी 'बॉटल'ची आपण बाटली केली, 'टेबल' तसंच ठेवलं. 'कँडल'मधून दीर्घ 'दी' कुठून काढणार? अरबीत 'किंदील' आहे, फारसीत 'कंदील', तुर्कीत 'कांदील'. तिथे काय साहेब शिकवायला गेला होता? शिवाय अर्थ बघा. मराठीत कंदील म्हणजे मेणबत्ती कधीच नव्हती. कंदील म्हणजे काचेत किंवा कागदात ठेवलेला, टांगायचा दिवा, आणि अरबी-फारसीतही तो टांगलेला दिवाच आहे. आकाशकंदील बघा म्हणजे कळेल. लॅटिन कँडेला ग्रीकमध्ये गेला, तिथून पुढे अरबीत, फारसीत, आणि फारसीतून आपल्याकडे. इंग्रजी कँडलही लॅटिनमधूनच उचललेला. कंदील ही कँडलची लेक नाही, ती बहिणीच्या नात्याची आहे, आणि आपल्या घरात तिने यायचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

दुसरी चूक कोशांची. 'कंदील' शब्दापुढे 'अरबी' किंवा 'फारसी' एवढी खूण केली की काम संपलं असं मानतात. त्या खुणेच्या मागे गेलं तर तोच धातू सापडतो जो 'चंद्र' होऊन आधीपासून आपल्या घरात आहे. माझी आजी संध्याकाळी ओट्यावर बसून चुलीतल्या राखेने कंदिलाची काच पुसायची, वातीचं काजळलेलं टोक कात्रीने सरळ कापायची आणि मग कंदील आढ्याला अडकवायची. बाहेर चंद्र, आत कंदील. दोघं एका कुळातले, एक वेदातून आलेला, एक रोमपासून अरबस्तानमार्गे फिरून आलेला.

आणि या दोघांची गाठ विज्ञानातही पडली आहे. अठराव्या शतकात पिएर बुगेर या फ्रेंच माणसाने सूर्य चंद्राच्या किती पट तेजस्वी, हे काढायचं ठरवलं. दोघे एका वेळी शेजारी ठेवता येत नाहीत. मग त्याने दिवसा सूर्याची तुलना मेणबत्तीशी केली, रात्री पूर्णचंद्राची मेणबत्तीशी केली, आणि त्यावरून सुमारे तीन लाखांची पट काढली. आजचा आकडा चारेक लाखांचा आहे. चंद्राचं माप काढायला मेणबत्ती, तेही दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी, डोळ्यांनी!

म्हणून माझा आग्रह असा की कँडेलाला मराठीत 'कंदील' हाच शब्द घ्यावा. 'या दिव्याची प्रखरता साठ कंदील' हे कुणालाही कळतं आणि व्युत्पत्तीने चोख बसतं. नवा संस्कृत शब्द पाडायची गरजच काय? लुमेनचा लुमेन राहू द्या. दुकानात 'किती लुमेनचा?' एवढं विचारलंत तरी पुरे.

लक्सबद्दल एवढंच. लॅटिन 'लुक्स' आणि आपला 'रुच्' धातू एकच: चमकणं, झळकणं. त्यावरून 'रुक्म' म्हणजे सोनं, रुक्मवरून रुक्मिणी, आणि रुक्मिणीची पंढरपुरात झाली रखुमाई.